माणसं मोजून काय होतं?

चीनचा विषय निघाला की आमच्या यवतमाळात उत्तर ठरलेलं, "अहो, त्यांची लोकसंख्या केवढी!" मला हे अजिबात पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्येच आपण त्यांना मागे टाकलं. झालो का मग आपण चीन?

कापसाचंच घ्या. २०११ पासून चीन सरकारनं स्वतःच्या शेतकऱ्याला चढा भाव देऊन कापसाचे प्रचंड साठे केले. तिथला कापूस महाग झाला, म्हणून त्यांच्या गिरण्यांनी आपल्या गाठी उचलल्या. २०१४ मध्ये धोरण फिरलं, आयातीला कात्री लागली, आणि भाव पडले ते इकडे राळेगाव-वणीच्या बाजारात. चीनची माणसं काय एका वर्षात कमी झाली होती? बदलला तो बीजिंगमधला एक निर्णय!

आणि आपण? ५ मार्च २०१२ ला दिल्लीनं अचानक कापूस निर्यातबंदी घातली, आठवडाभरात माघारही घेतली. (आमच्या धंद्यात सर्व्हर बंद करायलासुद्धा यापेक्षा जास्त दिवसांची नोटीस देतात.) घरात कापूस भरून बसलेल्यानं काय करायचं होतं?

लोकसंख्येच्या गप्पा पुरे झाल्या. चीनच्या गोदामात किती कापूस पडून आहे, हे आमच्या बाजार समितीच्या फळ्यावर कधी लिहिणार, तेवढं सांगा.