नागपुरी बोलणाऱ्याला नायक होऊ द्या

मराठी मालिकेत किंवा सिनेमात विदर्भातला माणूस आला, की बहुतेक वेळा दोनच कामं त्याच्या वाट्याला येतात. एक तर त्यानं हसवायचं, नाहीतर कर्जापायी जीव द्यायचा. पहिल्या कामात त्याची बोली ठसक्यात, जोरात, वाक्यावाक्याला ‘बे’ लावून येते. दुसऱ्या कामात तीच बोली हळू आवाजात, भेगाळलेल्या शेताच्या दृश्यावर येते. धंदा उभा करणारा, कोर्टात युक्तिवाद करणारा, बायकोशी अबोला धरून मग स्वतःच तो मोडणारा, मुलीच्या क्लासची फी भरताना महिन्याचा हिशेब मांडणारा नागपूरकर पडद्यावर शोधावा लागतो. सापडलाच, तर तो प्रमाण मराठी किंवा मुंबईची हिंदी बोलत असतो. बोलीला पडद्यावर मान मिळाला की नाही, हे ती किती वेळा कानावर पडते यावरून ठरत नाही. कथेतलं कोण ती बोलतं आणि कोणत्या प्रसंगी बोलतं, यावरून ते ठरतं, असं माझं ठाम मत आहे. या कसोटीवर गेल्या पंधरा-वीस वर्षांतले सिनेमे आणि मालिका पाहिल्या, तर चांगली उदाहरणं आहेत. ती मोजकी आहेत, पण काय शक्य आहे हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

सर्वांत लोकप्रिय उदाहरणापासून सुरुवात करू. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीवरची मालिका 2016 मध्ये सुरू झाली आणि 2021 पर्यंत चालली. तिची नायिका राधिका नागपूरची. अनिता दाते यांनी ती नागपुरी ढंगाच्या मराठीत उभी केली. रोज रात्री ऐन गर्दीच्या वेळेला, जवळपास साडेचार वर्षं, नायिकेच्या तोंडी ही बोली महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. हे श्रेय त्या मालिकेला द्यायलाच हवं, कारण त्याआधी असं झालं नव्हतं. पण कथेत त्या बोलीचा अर्थ काय होता, तेही पाहायला हवं. राधिका साधी, भाबडी, शहरी चालीरीतींत न बसणारी. तिच्या बोलण्याची आणि राहणीची नवऱ्याला लाज वाटते. म्हणजे तिची बोली तिच्या गावंढळपणाचा पुरावा म्हणून येते. आता नागपूर म्हणजे काही पाड्यावरची वस्ती नव्हे. 2011 च्या जनगणनेनुसार 24 लाखांहून अधिक लोकसंख्येचं हे शहर, जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी आणि आजची उपराजधानी. हायकोर्टाचं खंडपीठ इथे आहे, विद्यापीठ शंभरी ओलांडलेलं आहे. अशा शहरातली मुलगी मुंबईत येते तेव्हा ती ‘गावाकडून’ आलेली ठरते, याचं कारण तिचं वागणं नसून तिच्या क्रियापदांची रूपं आहेत. पुढे राधिका मसाल्यांच्या धंद्यातून मोठी उद्योजक होते, नवऱ्याला धडा शिकवते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण टाळ्या वाजतात त्या ‘साधी बाई असूनही जिंकली’ म्हणून. त्या ‘असूनही’मध्ये तिची बोलीही धरलेली आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

याच्या उलट बाजूला ‘नाळ’ ठेवून पाहा. 2017 चा हा सिनेमा विदर्भातल्या नदीकाठच्या एका गावात घडतो. आठेक वर्षांच्या चैत्याला मामाच्या बोलण्यातून कळतं, की आपली आई आपली सख्खी आई नाही. त्यानंतर तो कुणाला काही विचारत नाही. आई जेवायला वाढते, ओरडते, कुशीत घेते, नाहीतर कामाच्या धांदलीत लक्ष देत नाही. या प्रत्येक गोष्टीत तो प्रेम आहे की नाही याचा पुरावा शोधत राहतो. सगळा सिनेमा या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. चैत्या वऱ्हाडी बोलतो ते हसवण्यासाठी किंवा रडवण्यासाठी नाही, तर त्याची आई, त्याचे मित्र, त्याचं गाव तेच बोलतं म्हणून. प्रेक्षक हसतो तो चैत्याच्या लबाडीला, आणि त्याचा गळा दाटतो तो चैत्याच्या शंकेनं. श्रीनिवास पोकळे या मुलाला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सिनेमा पुण्या-मुंबईतही तुफान चालला. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे तेलुगूभाषक, तर संवाद लिहिणारे नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातले. म्हणजे विदर्भात जन्म झाला असला पाहिजे, अशी काही अट नाही. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं (2009) बोलीचा असा सहज वापर आधीच करून दाखवला होता. विषय शेतकरी आत्महत्येचा, म्हणजे ठरीव वाटेवर जाण्याचा सगळा धोका समोर. पण सिनेमा उलगडतो तो एका बायकोच्या धास्तीतून. शेजारच्यानं जीव दिल्यावर अलकाला वाटू लागतं, की आपला किसनाही तसंच करेल. म्हणून ती सासूला आणि लहानग्या दिनूला त्याच्या मागावर ठेवते, त्याच्या आवडीचं रांधते, आणि किसनाला कळेना की घरात सगळे एकाएकी असे का वागू लागले. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या पुण्याच्या नटांनी ती वऱ्हाडी इतकी आपलीशी केली, की त्या नवराबायकोचा रुसवाफुगवा खरा वाटतो. त्या घरात दुःख आहे, तसंच हसूही आहे, आणि दोन्ही एकाच बोलीत आहे.

नागपूर शहराचा प्रश्न मात्र वऱ्हाडीपाशी संपत नाही. इथल्या बाजारात, ऑटोत, बस्तीत मराठी आणि हिंदी एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत, की ‘मी येऊन राह्यलो’ म्हणणारा माणूस पुढचं वाक्य हिंदीत पूर्ण करतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. शहर शंभरेक वर्षं दुभाषी प्रांताची राजधानी होतं, त्याचा हा वारसा आहे. ही मिश्र बोली सिनेमात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणली ती ‘झुंड’नं. मार्च 2022 मध्ये आलेला हा सिनेमा हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कामावर आधारलेला आहे. बारसेंनी पावसात मुलांना फुटक्या बादलीनं खेळताना पाहिलं आणि 2001 मध्ये हे काम सुरू झालं. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी मुलांच्या भूमिकांसाठी नागपूरच्याच बस्त्यांमधली पोरं निवडली. ‘डॉन’ झालेल्या अंकुश गेडामला फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट समोर असताना ही मुलं दबत नाहीत, कारण ती आपल्याच भाषेत बोलत आहेत. मुलं एकेक करून आपापली कहाणी सांगतात तो प्रसंग आठवा. त्या बोलण्यात अडखळणं आहे, मध्येच थांबणं आहे, शिवी गिळून टाकणं आहे. लिहून दिलेले संवाद पाठ करून हे साधत नाही. याउलट ‘200 हल्ला हो’ घ्या. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या महिलांच्या जमावानं एका गुंडाला ठार केलं, त्या घटनेवरचा हा 2021 चा सिनेमा. हेतू प्रामाणिक आहे, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत. पण त्यातली हिंदी नागपूरची वाटत नाही, आणि त्यामुळे तो जमाव कुठल्याही शहराचा होऊन जातो. त्याच घटनेवर उमेश कुलकर्णी यांनी 2022 मध्ये नेटफ्लिक्ससाठी केलेली माहितीपट-मालिका जास्त हादरवते, कारण तिथे त्या बस्तीतल्या बाया स्वतः बोलतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बोली जड गेली तर बाकीच्या महाराष्ट्राला कळणार नाही, आणि टीआरपी किंवा गल्ला बुडेल. हा आक्षेप ‘सैराट’नंतर टिकायला नको होता. करमाळ्याकडची बोली अख्ख्या राज्यानं ऐकली आणि 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. ‘तुझ्यात जीव रंगला’मधलं कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’मधला सातारा, ‘रात्रीस खेळ चाले’मधलं मालवणी कोकण प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. नागपूरच्या प्रेक्षकानं त्यासाठी कधी शब्दकोश मागितला नाही. मग नागपुरीच्या वेळीच पुण्याच्या प्रेक्षकाच्या समजुतीवर शंका का घ्यायची? शेजारच्या तेलंगणाचा अनुभव तर गडचिरोली-चंद्रपूरच्या वेशीला लागून आहे. तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली वर्षानुवर्षं विनोदी पात्रांना आणि खलनायकांना दिली जाई, नायक-नायिका किनारपट्टीची तेलुगू बोलत. 2014 मध्ये वेगळं राज्य झालं आणि त्यानंतर हे चित्र पालटलं. 2017 च्या ‘फिदा’त साई पल्लवीची नायिका तेलंगणी बोलते आणि तिच्या तोऱ्यावर सगळा सिनेमा चालतो. 2023 चा ‘बलगम’ एका म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतरच्या विधींवर आहे, पिंडाला कावळा शिवत नाही एवढ्यावर कुटुंबातले जुने कढ वर येतात, आणि हे सगळं गावच्या बोलीत. दोन्ही सिनेमे आंध्रातही चालले. वेगळ्या विदर्भाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मुद्दा इतकाच, की प्रेक्षक तयारच होता. थांबले होते ते निर्माते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो विदर्भातूनच येतो. वऱ्हाडी माणूस मुळात विनोदी आहे, मिश्कील आहे, आमच्या कवींनी बोलीतल्या हास्यकवितेवर कवी-संमेलनं गाजवली, भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या नटानं ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली परदेशातल्या मराठी घरांतही पोहोचवली, मग हसण्याला विरोध कशाला? विरोध हसण्याला नाहीच. गणेशपुरे यांचं टायमिंग आणि त्या बोलीतला कोरडा, सरळ चेहऱ्यानं केलेला टोला ही मोठी कला आहे. पण ज्याच्यावर हसतो त्याला रडण्याचा, रागावण्याचा, विचार करण्याचा अधिकारही पडद्यावर मिळाला, तरच ते हसणं बरोबरीचं होतं. पुणेरी बोलण्यावरही विनोद होतात. पण पुणेरी माणूस त्याच वाहिनीवर डॉक्टर असतो, प्रियकर असतो, बाप असतो. नागपुरी माणसाला विनोदाच्या पलीकडची जागा नाही, म्हणून प्रत्येक विनोद जास्त लागतो. गणेशपुरे यांच्याच ताकदीचा नट एखाद्या गंभीर वेब-मालिकेत वऱ्हाडी बोलणारा सरकारी वकील किंवा निवृत्त मास्तर म्हणून मध्यभागी यावा, अशी माझी इच्छा आहे.

तिसरी अडचण कारागिरीची आहे आणि ती खरी आहे. नागपुरी, वऱ्हाडी, झाडीबोली या वेगवेगळ्या आहेत. बुलढाण्याचा माणूस गोंदियाच्या माणसासारखा बोलत नाही. पडद्यावर मात्र ‘मला’चं ‘मले’ केलं आणि शेवटी ‘बे’ लावलं, की झाली वऱ्हाडी. ‘बे’ बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला म्हणतात. बापाला कुणी ‘बे’ म्हणत नाही. बाईशी बोलताना ‘व’ येतो, आणि ‘काहून’ हा शब्द लाडानं विचारताना वेगळा लांबतो, भांडताना वेगळा तुटतो. हे कळण्यासाठी शूटिंगच्या दिवशी बोलावलेला बोली-शिक्षक पुरत नाही. संहिता लिहिली जाते त्या खोलीत ही बोली बोलणारा लेखक हवा. नट मिळत नाहीत ही सबब तर ऐकूनच घेऊ नये. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत, दिवाळीनंतर मंडईचा मोसम सुरू झाला की गावोगाव रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. वडशात नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, तारखा तिथे ठरतात, प्रेक्षक तिकीट काढून येतो. अनुदानावाचून उभी असलेली ही रंगभूमी आहे. तिच्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2022 मध्ये तृषांत इंगळे यांनी याच रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा सिनेमा केला. रात्रभर हजारो लोकांना जागेवर बसवून ठेवणाऱ्या नटांना कॅमेऱ्यासमोर काम करणं शिकवायला फार दिवस लागणार नाहीत.

साहित्यानं हे काम केव्हाच करून ठेवलं आहे. उद्धव शेळके यांनी 1960 मध्ये ‘धग’मध्ये कौतिकची सगळी फरफट वऱ्हाडीत लिहिली. महेश एलकुंचवार यांचं ‘वाडा चिरेबंदी’ 1985 मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा विदर्भातल्या एका खचत्या घरातले लोक मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी उभे राहिले आणि कुणाला ते नाटक प्रादेशिक वाटलं नाही. त्याहून मागे जायचं, तर मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झालं, आणि त्यात बोलत्या माणसांची बोलणी जशीच्या तशी टिपली आहेत. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा याच वारशाचा दाखला दिला गेला. आता रामटेक परिसरात चित्रनगरी उभारण्याची घोषणा झाली आहे. तिचं स्वागत आहे. पण तिथे मुंबईहून तयार संहिता आणि तयार नट येणार असतील आणि स्थानिकांना फक्त गर्दीत उभं राहण्याचं, लाइट उचलण्याचं आणि जेवण पुरवण्याचं काम मिळणार असेल, तर त्यातून नागपूरची एकही गोष्ट पडद्यावर येणार नाही. चित्रनगरीच्या आराखड्यात पहिल्या वर्षापासून इथल्या पटकथालेखकांसाठी निधी राखून ठेवावा आणि त्यातून निघालेल्या पहिल्या मालिकेतला मुख्य माणूस इतवारीत दुकान चालवणारा, नागपुरीत भांडणारा आणि नागपुरीतच माफी मागणारा असावा, ही मागणी इथल्या लोकप्रतिनिधींनी आणि नाट्यसंस्थांनी भूमिपूजनाआधीच लेखी मांडली पाहिजे.