सिस्टिमने कापले म्हणजे कुणी कापले?

ऑगस्ट 2024. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले, 3,000 रुपये. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी मोबाईलवरचा मेसेज दाखवला आणि राखीपौर्णिमेची खरेदी तिथल्या तिथे ठरवून टाकली. दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या, तर हातात पडले एकवीसशे.

खातं जुनं होतं. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर होत्या तेव्हा पगारासाठी उघडलेलं. काम सुटलं, पगार थांबला आणि झीरो बॅलन्स खात्याचं साधं बचत खातं झालं. किमान शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला दंड साचत गेला. ॲपवर मात्र शिल्लक दिसायची 0.00. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सिस्टिमनेच कापलेत, आमच्या हातात काही नाही."

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सिस्टिम आपणहून काही कापत नाही. कुणीतरी बैठकीत ठरवतं, कुणीतरी ते कागदावर लिहून देतं, माझ्यासारखा कुणीतरी त्याचा कोड लिहितो. दंड किती साचलाय हे त्या सिस्टिमला पैशापैशापर्यंत ठाऊक असतं. ते मावशींना दिसू नये, हाही कुणाचा तरी निर्णयच असतो.

नियम नाहीत असं नाही. 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेला रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो: दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवा, जितकी तूट त्या प्रमाणातच दंड घ्या आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होऊ देऊ नका. मग खातं उणे दाखवलं जात नाही. येणं बाजूला मांडून ठेवलं जातं आणि पैसे आले की आधी ते वळतं होतं. पडद्यावर शून्य, प्रत्यक्षात उधारी. मावशी एकट्या नव्हत्या. त्या महिन्यात राज्यभरातून अशा तक्रारी आल्या आणि हे पैसे कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

"ग्राहकाने लक्ष ठेवायला हवं," असं आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात. ठेवून बघा. मासिक सरासरी शिल्लक 10,000 हवी असेल, तर महिन्यातल्या रोजच्या शिलकेची बेरीज करून तिला दिवसांनी भागतात. एखाद्याने एकच दिवस 3 लाख ठेवले आणि बाकीचे 29 दिवस खातं रिकामं ठेवलं, तरी तो पास. तुम्ही तिसही दिवस 9,000 ठेवले तर नापास. आजची सरासरी किती, दंड टाळायला अजून किती भरायला हवेत, हे तुमच्या ॲपच्या पहिल्या पडद्यावर दिसतं का? कर्जाच्या जाहिराती मात्र दिसतात.

यातून गोळा होणारी रक्कम किरकोळ नाही. संसदेत जुलै 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, फक्त सरकारी बँकांनी पाच वर्षांत किमान शिलकेच्या दंडातून सुमारे 8,500 कोटी रुपये घेतले. त्यात खाजगी बँका धरलेल्याच नाहीत. बँक चालवायला खर्च येतो, मान्य. पण हा दंड व्याख्येनेच ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून घेतला जातो. आणि त्याच्याशिवाय चालत नाही म्हणावं, तर स्टेट बँकेने तो मार्च 2020 मध्ये बंद केला. देशातली सगळ्यात मोठी बँक बुडाली नाही. 2025 मध्ये कॅनरा आणि पंजाब नॅशनल बँकेनेही तो सोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक 50,000 केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत 15,000 वर आणली. म्हणजे हा आकडा काही निसर्गनियम नाही. बोंब मारली की तो बदलतो.

माझी मागणी साधी आहे. शिलकेखाली दोन ओळी दाखवा: "आमचं येणं इतकं" आणि "दंड टाळायला इतके भरा". हिशेब तुमच्याकडे तयार आहे, फक्त पडद्यावर आणायचाय. तोवर घरातल्यांची खाती तुम्हीच तपासा. किमान शिलकेची अट नसलेलं मूलभूत बचत खातं मागायचा हक्क प्रत्येकाला आहे. बँकेने तक्रारीवर 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

मावशींचं खातं आम्ही तसं बदलून घेतलं. कापलेले पैसे परत आले नाहीत. आता हप्ता जमा झाला की त्या त्याच दिवशी सगळे काढून आणतात आणि डाळीच्या डब्यात ठेवतात. नोटा आपल्याच नाशिकरोडला छापल्या जातात, त्या निदान मोजून बघता येतात. याला कुणी आर्थिक निरक्षरता म्हणेल. मला तरी त्यांना चूक ठरवता आलं नाही.