रडा, पण हसू नका!

आमच्या वाचनालयाच्या मासिक बैठकीत मी सहसा बोलत नाही. ऐकते, चहा पिते, घरी येते. परवा मात्र तोंड उघडलं आणि पस्तावले.

विषय होता, बायकांच्या बायकांवरील प्रेमाची १९२८ सालची इंग्रजी पुस्तकं. अध्यक्षांनी आधीच बजावलं, "विषय नाजूक आहे. सहानुभूतीनं बोलावं." ते अशा काही सुरात, की दोघीतिघींनी लगेच पर्समधून रुमाल काढले.

रॅडक्लिफ हॉलबाईंच्या 'द वेल ऑफ लोनलीनेस'वर पाऊण तास गेला. नावातच एकाकीपणाची विहीर! ही दुःखी कादंबरी जुलैत आली आणि नोव्हेंबरात लंडनच्या मॅजिस्ट्रेटनं प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मग चहा आला. मी म्हटलं, "त्याच साली जूना बार्न्सचं 'लेडीज अल्मनॅक' निघालं. मी तर पोट धरधरून हसले!"

कपबशा जागच्या जागी थांबल्या. "अशा विषयावर हसायचं?" अध्यक्ष म्हणाले.

का नाही हसायचं? आपल्या पंचांगासारखं महिन्या-महिन्यानं रचलेलं हे पुस्तक. त्यातली संतीण म्हणजे पॅरिसमध्ये दर शुक्रवारी बैठक भरवणाऱ्या नॅटली बार्नी. बार्न्स त्याच बैठकीतली. तिनं एकीलाही सोडलं नाही. खुद्द हॉलबाई आणि त्यांची सोबतीण उना याही त्यात आहेत, बायकाबायकांच्या कायदेशीर लग्नाचा आग्रह धरून बसलेल्या! आणि बार्नीबाईंना राग आला म्हणता? छे! त्या खूष झाल्या.

थट्टा दोन प्रकारची असते. एक खिडकीतून डोकावून केलेली, दुसरी पंगतीत बसून केलेली. त्याच साली कॉम्प्टन मॅकेन्झी या गृहस्थांनी अशाच बायकांची टिंगल करणारी कादंबरी लिहिली. तिच्यावर खटला नाही की काही नाही. आणि पंगतीतल्या बार्न्सला मात्र लेखिकेचं नाव न घालता, फ्रान्सातल्या दीजाँला खाजगीत १०५० प्रती छापून घ्याव्या लागल्या! म्हणजे परक्यानं हसलेलं चालतं. त्यांनी स्वतः हसायचं म्हटलं, की चोरून छापा!

आम्ही तरी काय वेगळे? तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. नाटक मोठं आहे, वादच नाही. पण मित्राच्या वाट्याला शोकच आला. शोक आम्हाला सोयीचा पडतो. डोळे पुसले, की आपण उदार झालो! हसायचं म्हटलं तर शेजारी बसावं लागतं, बरोबरीनं. दया करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. खरं दुखणं तिथं आहे.

हे सगळं मी बैठकीत बोलले का? छे! तिथं मी "तसं नाही हो" एवढंच म्हणून बिस्किट तोंडात टाकलं.

जिन्यात मात्र मागून एक मुलगी आली. बैठकभर शेवटच्या खुर्चीत गप्प बसली होती.

"मावशी, ते दुसरं पुस्तक मिळेल का वाचायला?"

"आणि विहिरीवरचं नको?"

"नको," ती म्हणाली, "रडणारे घरी पुष्कळ आहेत."

दुसऱ्या दिवशी पुस्तक तिला नेऊन दिलं. अजून परत आलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही.