Explained : नगरसेवक ते खासदार, गिरीश बापटांची कारकीर्द पुण्याच्या नव्या नगरसेवकांना काय सांगते?

पुणे महापालिकेत जवळपास चार वर्षांनी पुन्हा नगरसेवक आले आहेत. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. त्याआधी १५ मार्च २०२२ पासून पालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. या काळात ‘नगरसेवक नव्हते, म्हणून काय अडलं?’ हा प्रश्न अनेकदा कानावर आला. उत्तर शोधायचं तर आधी नगरसेवक नेमकं काय शिकतो, हे पाहावं लागेल. त्यासाठी पुण्यात दिवंगत खासदार गिरीश बापट यांच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

टेल्को ते संसद

बापट टेल्कोत नोकरीला होते. आणीबाणीत त्यांनी १९ महिने तुरुंगवास भोगला. १९८३ मध्ये ते नगरसेवक झाले आणि पुढे स्थायी समितीचे अध्यक्ष. त्यानंतरची चढण मात्र सरळ नव्हती. १९९१ मध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी त्यांना हरवलं. त्याच कसब्यातून ते १९९५ मध्ये आमदार झाले. १९९६ मध्ये लोकसभेला उभे राहिले, तेव्हा सुरेश कलमाडींनी पराभव केला. कसब्याने मात्र त्यांना १९९५ ते २०१४ अशी सलग पाच वेळा निवडून दिलं.

फडणवीस सरकारमध्ये ते अन्न व नागरी पुरवठा मंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री होते. २०१९ मध्ये काँग्रेसच्या मोहन जोशी यांच्याविरुद्ध तीन लाखांहून अधिक मताधिक्याने ते खासदार झाले. २९ मार्च २०२३ रोजी त्यांचं निधन झालं.

म्हणजे पहिली पालिका निवडणूक ते संसद हा प्रवास ३६ वर्षांचा. तो निर्दोष होता असं कुणी म्हणणार नाही. मंत्री असताना २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तेव्हा सर्वाधिक टीका त्यांच्याच खात्यावर झाली. पण पाणी, ड्रेनेज, वाड्यांचे प्रश्न आणि विरोधी पक्षातल्या माणसाशी बोलून काम काढून घेणं, ही त्यांची ओळख पालिकेतच घडली.

बापट अपवाद आहेत का?

नाही. मुक्ता टिळक आधी नगरसेविका, २०१७ मध्ये महापौर आणि २०१९ मध्ये कसब्याच्या आमदार झाल्या. त्यांच्या निधनानंतर २०२३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर जिंकले, हेमंत रासने हरले. २०२४ मध्ये निकाल उलटा लागला. हे दोघंही नगरसेवक राहिलेले. मुरलीधर मोहोळ नगरसेवक, स्थायी समिती अध्यक्ष, महापौर आणि २०२४ मध्ये खासदार व केंद्रीय राज्यमंत्री झाले. माधुरी मिसाळ, सिद्धार्थ शिरोळे यांची सुरुवातही पालिकेतूनच. पुण्याचा आमदार-खासदार बहुतेक वेळा आधी नगरसेवक असतो.

नगरसेवकाचं काम नेमकं काय?

गटार तुंबलं की फोन करायचा माणूस, एवढीच आपली समजूत असते. कायद्याने मात्र त्याचं मुख्य काम पैशांवर लक्ष ठेवणं हे आहे. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, १६ सदस्यांची स्थायी समिती ते तपासते आणि मुख्य सभा मंजूर करते. मोठ्या निविदाही स्थायी समितीपुढे येतात.

प्रशासकराजमध्ये प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. पालिकेचं अंदाजपत्रक आता १२ हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. इंजिनीअरिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात, की ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो. पुण्यात सलग चार अंदाजपत्रकं नेमकी तशीच मंजूर झाली.

मग चार वर्षांत काय अडलं?

रस्ते झाले, मेट्रो धावली. त्यामुळे वरवर पाहता काही अडलं नाही. पण समाविष्ट गावांकडे पाहा. जून २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, म्हणजे सरपंच गेला. आणि नगरसेवक मिळण्याआधीच पालिकेची मुदत संपली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यातलीच गावं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. तेव्हा या गावांचा निवडून आलेला एकही माणूस पालिकेत नव्हता. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाही सभागृह रिकामंच होतं.

नगरसेवक असते तर हे टळलंच असतं, असा दावा करता येणार नाही. पण सभागृहात कुणीतरी आयुक्तांना उभं करून जाब विचारला असता, तो इतिवृत्तात नोंदला गेला असता. अधिकारी बदलून जातो. नगरसेवकाला पाच वर्षांनी त्याच गल्लीत मत मागायला यावं लागतं.

बापटांच्या निधनानंतर तर पुण्याला जून २०२४ पर्यंत खासदारही नव्हता. पोटनिवडणूक घ्या, असं उच्च न्यायालयाने सांगितलं; सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली. पालिकांच्या बाबतीत राज्यघटनेचं कलम २४३-यू स्पष्ट आहे : पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती लांबत गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावरच यंत्रणा हलली.

नगरसेवक नकोसे का वाटतात?

कारण आपला अनुभव. ‘स’ यादीतून चांगला फुटपाथ उखडून नवा बसवणं, नाव रंगवलेली बाकडी, कापडी पिशव्यांचं वाटप. टक्केवारीची चर्चा तर कधीच थांबत नाही. ही नाराजी खोटी नाही. पण त्यावरचा उपाय निवडणूकच न घेणं हा असू शकत नाही. वाईट नगरसेवक मताने घालवता येतो, प्रशासक नाही.

दुसरी अडचण प्रभागांची. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ आणि आता चार. सध्याच्या ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून येतात. चौघांचा प्रभाग म्हणजे पाण्याची तक्रार कुणाकडे करायची, हेच नक्की नाही. श्रेय चौघांचं, जबाबदारी कुणाचीच नाही. चिन्ह बघून चार बटणं दाबली की माणूस ओळखायची गरजही उरत नाही. बापटांसारखी गल्लीतून ओळख कमावणारी कारकीर्द अशा रचनेत घडणं अवघड आहे. एक सदस्य, एक प्रभाग हीच पद्धत हवी, आणि ती दर निवडणुकीला बदलता येऊ नये.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची नावं माहीत करून घ्या.
- ते मुख्य सभेला किती वेळा हजर होते आणि त्यांनी काय प्रश्न विचारले, याची माहिती मागा.
- अंदाजपत्रकात तुमच्या प्रभागासाठी काय तरतूद आहे, ते पाहा. ‘स’ यादीतला पैसा कुठे जातो, ते विचारा.

आज सभागृहात पहिल्यांदा बसलेल्यांपैकी कुणीतरी काही वर्षांनी पुण्याचा आमदार किंवा खासदार असेल. तो काय शिकून वर जाणार, हे आपण त्याला आत्ता काय विचारतो यावर ठरेल.