बियाणे आणा, उभे पीक नको



आज भाताऐवजी गोष्टीविषयी लिहितो आहे. रागावू नका, खताची मात्रा पुढच्या अंकी सांगेन.

खालापूर तालुक्यातल्या एका ताईंनी मध्यंतरी माझ्या हाती वही दिली. "साहेब, वाचून सांगा." शेत विकल्याची गोष्ट होती. कर्जत-खालापुरात बंगल्यांसाठी जमिनी जातात, हे तुम्हाला नवे नाही. पण वहीत पानोपानी अश्रू. काळीज तर चार वेळा फाटलेले. ज्यांचे शेत गेले ते वडील मात्र कुठे दिसेनात.

मी काही साहित्यिक नव्हे. माझा जन्म 'सदर' आणि 'उपरोक्त' लिहिण्यात गेला. पण कर्जतच्या भात संशोधन केंद्रातले वाण आणून आपल्या खाचरात लावून पाहायचे, ही रीत मला ठाऊक. तीच त्यांना सांगितली. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' हे १९४९ सालचे पुस्तक वाचनालयातून आणा. त्यातला 'धर्मा रामोशी' दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखक माणसाला समोर कसा आणतो? गरिबी शब्दांनी सांगतो, की अंगावरच्या धोतरातून दाखवतो? स्वतः कुठे गप्प बसतो? एक पान हाताने उतरून काढा, पुस्तक मिटा, आणि त्याच बेताने वडिलांवर एक पान लिहा.

उतरून काढलेले पान मात्र आपल्या नावावर छापायला पाठवू नका. बियाणे आणावे, दुसऱ्याचे उभे पीक कापू नये. बोलीचेही तेच. शंकर पाटलांकडून संवाद शिकावा. दोन माणसे थोडक्यात बोलतात आणि सगळे कळते. पण ती कोल्हापूरकडची माणसे. आपल्याकडचा आगरी-कुणबी बाप तसा बोलू लागला तर तो सोंगाड्या वाटेल. त्याला घरच्याच बोलीत बोलू द्या.

ताई दोन महिन्यांनी पुन्हा आल्या. वही निम्मी झाली होती, अश्रू एकही नव्हता. जमीन विकली त्याच वर्षी वडील नेहमीसारखे कोयता घेऊन गेले आणि राबासाठी कवळ तोडून आले. आई म्हणाली, "भाजणार कुठं?" ते काही बोलले नाहीत. भारे पडवीत रचून ठेवले. पाऊस लागेपर्यंत पाला तिथेच वाळत होता.

मी वही परत देताना एवढेच म्हटले, यात एक शब्द वाढवू नका.