बेडी तुटली, जमीन कुणाची?

महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना ते अर्पण केलं. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. पण त्याच वर्षांत तिकडे मुक्तीनंतरची उभारणी ढासळत होती, याबद्दल फारसं बोलत नाही. बोलायला हवं. कारण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरही स्वातंत्र्य असंच अर्ध्यावर अडलं आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, गुलामी कायद्याने बंद झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सेनापती शर्मनने दक्षिणेतली किनाऱ्यालगतची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत देण्याचे आदेश दिले. जमीन नाही म्हटल्यावर मुक्त माणूस अर्धेलीच्या शेतीत आणि कर्जात पुन्हा बांधला गेला. 1870 मध्ये मताचा हक्क मिळाला, तो पुरुषांना. मजुरीचा करार पुष्कळदा नवराच सगळ्या घराच्या वतीने करी. राबणारी बाई करारात असे, सहीत नसे. 1877 नंतर तर दिलेले हक्कही एकेक करून काढून घेतले गेले.

आपल्याकडे वेगळं काय झालं? पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. 1843 च्या कायद्याने गुलामीचा कोर्टातला आधार काढून घेतला. पण सुटलेल्या बाईने जायचं कुठे, खायचं काय, याबद्दल त्या कायद्यात एक ओळ नव्हती.

मी नागावला काम करते. इथल्याच अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी होते, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा होता. 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयकही मांडलं. हा इतिहास आपण संपकऱ्यांचा म्हणून सांगतो. पण सहा वर्षं घरात भात आलं नाही, तेव्हा चुली कुणी पेटत्या ठेवल्या? पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने कुळं मालक झाली. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाचं चढलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही कुळहक्काचा वारसा आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता. ते कलम जायला 2005 साल उजाडावं लागलं.

आणि कातकरी बाईचं काय? वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. तरीही पावसाळा सरता सरता ठेकेदाराची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर जायचं, हे चुकलेलं नाही. भट्टीवर हिशेब जोडीचा असतो, वही नवऱ्याच्या नावाची. भट्टीवरून परतावं तर अनेक वाड्यांत झोपडीखालची जागा दुसऱ्याच्या मालकीची. इकडे किनाऱ्यालगत बंगले आणि पर्यटकांच्या खोल्या वाढताहेत, गुंठ्याचा भाव चढतो आहे. पायाखालची जागाच आपली नसेल, तर उचल नाकारण्याची ताकद बाईने आणायची कुठून?

मुक्त वेठबिगारांसाठीच्या 2016 च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख आणि स्त्रीला दोन लाख रुपयांची तरतूद झाली. बाईवरचा बोजा जास्त आहे हे सरकारनेच मान्य केलं, हे चांगलं. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्यावर अवलंबून ठेवली. खटला रेंगाळला की बाई पुन्हा उचलीच्या दारात!

वेठबिगारांची सुटका झाली की फोटो निघतात, बातमी येते. आपलं काम तिथून पुढे सुरू व्हायला हवं. मुक्तीचा दाखला बाईच्या स्वतःच्या नावाने असावा. भट्टीवर तिची मजुरी वेगळी लिहिली जावी आणि तिच्या हातात पडावी. वाडीला गावठाण मिळताना घराच्या जागेवर तिचं नाव असावं, एकट्या बाईचंसुद्धा. मदतीची रक्कम कोर्टाच्या निकालावर टांगून ठेवू नये. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गावातल्या वाडीचा सातबारा घेऊन यावा आणि मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचावं. मोर्चाच्या मागण्या तिथूनच लिहायला घेऊ.