घरातली प्रयोगशाळा : आईंच्या खोलीतला रेडिएटर



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे आता हीटिंगचे दिवस. मागच्या अंकात किटलीतल्या पांढऱ्या थराबद्दल लिहिलं होतं. या वेळी विषय आमच्या घरातलाच आहे, आणि चूक माझी आहे.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या. त्यांना मागची छोटी खोली दिली. रोज सकाळी मी विचारायचे, "आई, झोप लागली ना?" आणि त्या म्हणायच्या, "लागली हो." नऊ दिवस हेच. दहाव्या दिवशी पहाटे पाणी प्यायला खाली उतरले, तर आई स्वयंपाकघराचं दार लावून, गॅसचे दोन बर्नर पेटवून हात शेकत बसलेल्या. अंगात दोन स्वेटर, वर शाल. म्हणाल्या, "अगं, खोलीतली ती पेटी काही तापत नाही. पण म्हटलं, तुम्ही दोघं दिवसभर दमून येता, कशाला सांगायचं?"

वर जाऊन हात लावला. रेडिएटर बर्फासारखा. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण नऊ दिवसांत त्या रेडिएटरला एकदा हात लावला नव्हता.

आधी त्या शेगडीबद्दल. बंद खोलीत गॅस जाळून ऊब घेणं धोक्याचं आहे. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं फ्लू झाला. त्याचा अलार्म घरात हवाच.

आता रेडिएटर. पहिला प्रश्न : एकच गार आहे की सगळे? सगळे गार असतील तर टायमर, भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि बॉयलरचा दाब बघा. एकच गार असेल तर हीटिंग अर्धा तास चालू ठेवा आणि वैद्य नाडी बघतो तसा हात फिरवा, जपून, भाजेल. कुठे गार आहे, यावरून दुखणं कळतं.

वर गार, खाली गरम : आत वायू साठला आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला रेडिएटरची छोटी चावी लावा, खाली वाटी आणि जुनं फडकं धरा, आणि चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज येईल. पाणी आलं की लगेच बंद करा. मग बॉयलरवरचा दाब बघा. गार असताना तो साधारण १ ते १.५ बार हवा. कमी असेल तर बॉयलरच्या पुस्तिकेप्रमाणे पाणी भरा आणि भरायचा नळ आठवणीने बंद करा. माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या पद्धतीत हे पाणी टाकीतून आपोआप भरतं.

वर गरम, खाली मधोमध गार : तळाशी काळा गाळ बसला आहे. हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट. पाण्यातला ऑक्सिजन संपल्यावरही लोखंड सावकाश झिजत राहतं : लोखंडाचे ३ अणू आणि पाण्याचे ४ रेणू मिळून मॅग्नेटाइट तयार होतं आणि हायड्रोजनचे ४ रेणू सुटतात. म्हणून वर साठलेली 'हवा' पुष्कळदा हवा नसते, जळणारा हायड्रोजन असतो. चावी फिरवताना जवळ काडी, उदबत्ती, सिगरेट नको. काळं पाणी बशीत वाळवून लोहचुंबक फिरवा. पूड उडी मारून चिकटेल, मुलं खूश होतील. गाळ काढून टाकणं हे मात्र जाणत्या माणसाचं काम. नंतर पाण्यात गंजरोधक घालून घ्यायला विसरू नका.

सगळाच गार, शेजारचे गरम : झडप अडकली आहे. मी मात्र आधी चावीच लावली. नुसतं पाणीच आलं, तरी मी हट्टाने सोडत राहिले. दाब आधीच कमी होता, तो इतका उतरला की बॉयलरनेच संप पुकारला आणि अख्खं घर गार झालं. आई म्हणाल्या, "राहू दे गं, मी एकटी गारठत होते तेच बरं होतं."

दाब परत भरल्यावर नीट बघितलं. नळाच्या डोक्यावर आकडे असतात, तो झडपेचा थर्मोस्टॅट. खोली उन्हाळाभर बंद, झडपही बंद, त्यामुळे आतली पिन खालीच अडकून बसली होती. डोक्याखालची गोल चकती हाताने सैल केली की डोकं निघतं आणि मधोमध छोटी पिन दिसते. ती सपाट वस्तूने हलके दाबली की परत वर यायला हवी. दोन-चारदा दाबल्यावर आमची आली. पकडीने ओढू मात्र नका. उपटली तर पाणी उडेल. दहा मिनिटांत पेटी तापली.

बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका. गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेला असावा लागतो (२००९ पूर्वी ही नोंद कॉर्गीकडे असे). त्याचं ओळखपत्र मागा. कोणत्या कामाची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला, तर बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात हीटिंग दुरुस्त ठेवणं १९८५ च्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. घरमालकाला पत्राने कळवा, प्रत ठेवा. भीड नको.

खोली निदान १८ अंश सेल्सियस असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले आईवडील हा आकडा सांगणार नाहीत. ते "बरं आहे" म्हणतील. तेव्हा आज रात्री त्यांच्या खोलीत जा, आणि विचारण्याआधी रेडिएटरला हात लावा.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला मी चहाच्या टेबलापाशी असेन. पिशवीत दोन-तीन चाव्या जास्तीच्या ठेवते. लागली तर न्या, काम झालं की परत द्या.